पंधराव्या मजल्यावर कोळी हवा

रखमाबाई नव्या घरात मोजून बारा दिवस राहिल्या. तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी तीन साड्या, मिशेरीची डबी आणि गुडघ्याचं तेल पिशवीत भरलं, देवाला हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी गावाक जातंय."

"कधी येतलंस?" आनंदरावांनी विचारलं. त्यांना वाटलं, चार दिवस, फार तर आठ.

रखमाबाईंनी वर बघितलं. पांढरंशुभ्र छत, चारी कोपरे लखलखीत. "ह्या घरात कोळी सुदिक रवना नाय," त्या म्हणाल्या. "हय मी काय म्हणान रवू? ज्या दिसा हय कोळी जाळा घालीत, त्या दिसा माका फोन करा. मी येतंय."

एवढं बोलून त्या लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्टचं दार आपलं आपण बंद झालं. दारं अशी न विचारता बंद होतात, हेही त्यांना त्या बारा दिवसांत पटलं नव्हतं.

आता इथे दुसरा कुणी नवरा असता, तर तो म्हणाला असता की बाई रागावली आहे, जरा गोडीगुलाबीने घ्यावं. पण आनंदराव सातार्डेकर हे बसडेपोतले निवृत्त टाइमकीपर. चौतीस वर्षं त्यांच्या शिट्टीशिवाय एक गाडी डेपोबाहेर पडली नव्हती. कुणी काही सांगितलं की त्यात आणखी काही अर्थ असेल, असं त्यांच्या मनातही येत नसे. नऊ चाळीस म्हणजे नऊ चाळीस. कोळी म्हणजे कोळी. त्यांनी खिशातली डायरी काढली आणि त्या दिवसाच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कोळी आणणे.'

या टॉवरमध्ये येण्याआधी ते राहत त्या नायगावच्या चाळीत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तिथल्या खोलीत माळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक कोळीण राहायची. ती कोळीण होती की कोळी, हे कुणी तपासलेलं नव्हतं, पण रखमाबाई तिला 'ती' म्हणत, म्हणून सगळं घर म्हणे. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी रखमाबाई पदर खोचून, बांबूला झाडू बांधून अख्ख्या खोलीची जळमटं काढत आणि तो एक कोपरा सोडून देत. चाळीस वर्षांत कोळिणीच्या किती पिढ्या गेल्या असतील कुणास ठाऊक, पण रखमाबाईंच्या लेखी ती एकच होती. "ती आमच्या आधीची हा," त्या म्हणत. "आमीच तिच्याकडे भाड्यान ऱ्हवतो." दुपारी तांदूळ निवडताना त्या तिच्याशी बोलत. नळाला पाणी आलं नाही, शेजारणीने वाटी परत केली नाही, मयूरच्या बापाने, म्हणजे आनंदरावांनीच, आज पुन्हा भाजीला नावं ठेवली, असं सगळं. आनंदराव पेपर वाचत बसलेले असत. त्यांना वाटे, बायको एकटीच बडबडते.

आता पंधराव्या मजल्यावर पेपर वाचताना खोलीत चिटपाखरू बोलत नसे. आणि ते सारखे मान वर करून कोण काय म्हणालं ते बघत.

मुलगा मयूर नोकरीसाठी नाशिकला होता. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, आई चिडलीय. तुम्ही सॉरी म्हणून टाका."

"कशाबद्दल?"

मयूरने "मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवला.

मग आनंदरावांनी विचार केला, कोळी आणायचा तर कुठलाही कशाला, आपलाच आणावा. त्यांची जुनी चाळ अजून उभी होती. रिकामी करून, पत्रे ठोकून, पाडायच्या रांगेत. नव्या गॅलरीतून खाली बघितलं की तिची कौलं दिसत. ते खाली गेले, तर पत्र्याच्या फाटकावर वॉचमन.

"अंदर जाना मना है, काका."

"अरे, चाळीस वर्षं राहिलोय मी आत."

"अभी तो नहीं रहते ना?"

 पास लागेल, साइट ऑफिसात मिळेल, असं समजलं. साइट ऑफिस म्हणजे एक डबा आणि त्यात एक एसी. तिथल्या माणसाने अर्ज पुढे सरकवला. नाव, जुना खोली क्रमांक, आत राहिलेल्या वस्तूचं वर्णन. आनंदराव पेन घेऊन बराच वेळ बसले. खोटं त्यांनी आयुष्यात कागदावर लिहिलं नव्हतं. डेपोत एकदा साहेबाने सांगूनही सव्वाआठची गाडी आठची दाखवली नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'घरातली जुनी सभासद.'

माणसाने वाचलं आणि ताडकन उठला. "काका, आत माणूस राहिलंय?"

"माणूस नाही."

"मग?"

आनंदरावांनी सांगितलं.  मग त्या माणसाने ती ओळ खोडून 'फोटो' असं लिहिलं, शिक्का मारला आणि तीन दिवसांनंतरची तारीख टाकली.

तीन दिवसांनी आनंदराव लोणच्याची काचेची बरणी आणि घडीचं स्टूल घेऊन आपल्या जुन्या खोलीत शिरले. दार काढून नेलेलं होतं. खिडकीही. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन, मयूरच्या उंचीच्या पेन्सिलने मारलेल्या रेघा, आणि माळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ती. काही झालंच नाही अशी बसलेली.  पासष्टीच्या माणसाने कोळिणीला बघून रडायचं म्हणजे अति झालं, म्हणून त्यांनी नाक शिंकरलं. "चल," ते तिला म्हणाले. "रखमान बोलवल्यान." बरणी वर धरली, पुठ्ठा खालून सरकवला आणि ती विनातक्रार आत आली. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले होते.

फाटकावर वॉचमनने बरणी धरली.

"सामान बाहर ले जाने का पास अलग है."

"यात सामान नाहीये."

"बरनी तो है."

साइट ऑफिस बंद झालं होतं. उद्या या, बरणी इथेच केबिनमध्ये राहील, असं ठरलं. आनंदरावांनी झाकणाला भोकं पाडून घेतली, बरणी सावलीत ठेवायला लावली आणि वॉचमनला तीन वेळा बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचा पास घेऊन ते केबिनशी आले. बरणी घासूनपुसून चकचकीत, काठोकाठ भरलेली.

"काका, अंदर जाला लगा था," वॉचमन प्रेमाने म्हणाला. "मैंने साफ कर दिया. शक्कर रख दी, चाय के लिए."

त्यावर आनंदराव काय बोलले ते आपण लिहू नये. पण चौतीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांत काढलेल्या माणसाचा शब्दसंग्रह वॉचमनलाही नवा होता. दोन आठवड्यांनी यंत्र आलं आणि जुनी चाळ पाडायला लागलं. आनंदरावांनी गॅलरीचा पडदा ओढून घेतला.

रखमाबाईंना फोन दर रविवारी होत असे. "जेवलास?" त्या विचारत. "जेवलंय," ते सांगत. "काय?" "होता तां."  बाजूला गावचा कोंबडा आरवायचा. आनंदरावांना विचारायचं असे की तुझे गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागते का, मला हे घर खायला उठतं तसं तुला ते लागतं का. पण ते म्हणत, "बरा. ठेवतंय." कोळ्याचं काही बोलत नसत. काम झाल्याशिवाय सांगायचं नाही, ही जुनी सवय.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. समोरच्या फ्लॅटमधल्या मनालीबाई दादरला शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "काका, कोळी आणायचा नसतो. त्याचं जेवण आणायचं, तो आपला येतो. तुम्ही सगळ्या खिडक्यांना जाळ्या मारल्यात, घरात एक डास नाही, चिलट नाही. तो बिचारा येऊन खाईल काय?"

हे आनंदरावांना एकदम पटलं. त्यांनी जाळ्या उघडल्या आणि खिडकीत दोन पिकली केळी ठेवली. चौथ्या दिवशी चिलटं आली. आठव्या दिवशी ती मनालीबाईंकडे गेली. दहाव्या दिवशी चौदाव्या आणि सोळाव्या मजल्यावरून तक्रारी आल्या. कोळी मात्र एकही आला नाही. मनालीबाईंनी आपला सल्ला आपल्याच चहाच्या कपातून काढून टाकला आणि म्हणाल्या, "प्रयोगाला वेळ लागतो, काका. पण तो तुमच्याच घरात राहिला तर बरं."

शेवटी आनंदरावांनी गिरगावची वाट धरली. खोताच्या वाडीत मनमोहन धुरंधर राहत. आनंदरावांचे कॅरमचे जुने जोडीदार, वकिलीतून निवृत्त, आणि लाकडी जिन्याच्या एका घराचे मालक. बोलणं असं की ऐकणाऱ्याने उगाच नीट बसावं.

"कोळी?" मनमोहनराव म्हणाले. "अहो, आमच्या जिन्याखाली त्यांची वसाहत आहे. आमच्या आजोबांच्या काळापासून. एक काय, चार न्या. परंतु आनंदराव, एक विचारू? वहिनी कोळ्यासाठी गेल्या असं तुम्हाला खरोखर वाटतं?"

"तिनेच सांगितलं तसं."

मनमोहनरावांनी एक सुस्कारा सोडला. त्यांची पत्नी लीला वारून सहा वर्षं झाली होती. "तुमच्या घरचीने निदान अट तरी घातली," ते म्हणाले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा शोधायला आत गेले.

जिन्याखालून निघाला तो तळहाताएवढा होता. केसाळ, तपकिरी, आणि पळायला विलक्षण चपळ. मनालीबाईंनी नंतर सांगितलं की ही जात जाळं घालतच नाही, नुसती भिंतींवरून धावते. पण ते नंतर. आनंदराव डबा मांडीवर घेऊन बसमधून नायगावला आले. शेजारच्या बाईंनी डब्यावरचं चित्र बघून "ही आता मिळत नाहीत हो," म्हणून आठवण काढली. आनंदरावांनी झाकणावरचा हात काढला नाही.

लिफ्टमध्ये धनेश भेटला. हा धनेश चाळीत गोट्या खेळायचा आणि रखमाबाईंच्या हातच्या घावण्यांवर वाढला होता. आता सोसायटीचा सेक्रेटरी. तेव्हापासून तो शर्ट इन करायला लागला होता.

"काय काका, एकटेच बिस्किटं खाता? दाखवा तरी." आणि जुन्या हक्काने त्याने झाकण उघडलं.

पुढचे नऊ मजले लिफ्टच्या कॅमेऱ्यात आहेत. ते सोसायटीच्या ग्रुपवर अजूनही अधूनमधून फिरतात. त्यात धनेश आधी दिसतो, मग हँडलवर चढलेला दिसतो, मग दिसत नाही. आनंदराव मात्र कोपऱ्यात वाकून, अत्यंत आदराने, कुणाला तरी डब्यात परत यायची विनंती करताना दिसतात. पंधराव्यावर दार उघडलं आणि तो पाहुणा सर्वांत आधी उतरला, डक्टच्या फटीत शिरला आणि गेला तो गेलाच.

संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. आनंदरावांना उभं करून विचारलं. बसायला खुर्ची होती, पण कुणी बसा म्हटलं नाही. ज्या माणसापुढे डेपोचे ड्रायव्हर टोपी काढत, त्याला धनेशने एक छापील अर्ज दिला. 'पाळीव प्राण्याची नोंदणी.' जात, रंग, लसीकरणाची तारीख, रात्री भुंकतो का.

"रात्री भुंकत नाही," आनंदराव म्हणाले.

"काका, मस्करी नको. लोक घाबरलेत. मिसेस कदम जिन्याने उतरतायत." मग आवाज खाली आणून, जुन्या धनेशच्या आवाजात तो म्हणाला, "काकी कधी येतायत? त्या असत्या तर हे झालं नसतं."

"त्या नाहीत म्हणून तर हे झालं," आनंदराव म्हणाले.  मग ठराव झाला की तीन महिन्यांचं पेस्ट कंट्रोल आताच करावं आणि सुरुवात पंधराव्या मजल्यापासून करावी.

फवारणीवाले आले. तोंडाला फडकं, पाठीला टाकी. आनंदराव दाराबाहेर स्टुलावर बसले. आत कोपरान्‌कोपरा भिजवला गेला. जाताना त्यांनी दारावर एक स्टिकर लावला, हिरव्या अक्षरात: 'हे घर पूर्णपणे कीटकमुक्त आहे.' आनंदरावांनी तो वाचला. नखाने काढायला बघितला, तर तो फार चांगल्या गोंदाचा होता.

त्यानंतर त्यांनी प्रयत्न सोडला. डायरीतल्या 'कोळी आणणे'पुढे काट मारली नाही, पण ते पान उघडणंही बंद केलं. रविवारचा फोन आला की "बरा. ठेवतंय" आणखी लवकर यायला लागलं. दोन्ही वेळचा डबा खानावळीतून येई. ते तो बाहेरच्या खोलीत खात, चहा खाली टपरीवर पीत, पाण्याचा माठही त्यांनी बाहेर आणून ठेवला. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं त्यांना जिवावर येई. तिथे सगळं नवं होतं, ओटा, चिमणी, हंड्या ठेवायचे जाळीदार कप्पे, आणि या सगळ्या नव्यात बारा दिवस वावरलेली रखमा तेवढी जुनी. एकदा कामवालीने विचारलं, "काका, आतलं पण पुसू?" ते म्हणाले, "राहू दे. कोण जातं तिथे?"

पावसाळा संपत आला. एका गुरुवारी डब्यात तिसऱ्यांदा कारल्याची भाजी आली आणि आनंदरावांचा धीर सुटला. त्यांना सोलकढी हवी झाली. पंगतीतली नव्हे, हॉटेलातली नव्हे. घरची, नारळाच्या दाट रसाची, वाटीत ओतली की बाजूला गुलाबी कड धरणारी. चाळीत रखमा आडाळो घेऊन खाली बसायची. आडाळो म्हणजे आपली विळी, पाटावर उभं पातं आणि टोकाला नारळ खवायचा दातेरी गोल. एक पाय पाटावर दाबून ती नारळ फिरवी आणि तो आवाज आला की आनंदराव पेपर बाजूला ठेवत. तिच्या आईने लग्नात दिलेला तो आडाळो. गावाला जाताना तिने तो नेला नव्हता, गावी सासूचा होताच. इथल्या स्वयंपाकघराच्या दारामागे तो भिंतीला टेकवून ठेवून ती गेली होती.

भर दुपारी तीन वाजता आनंदराव खाली जाऊन नारळ घेऊन आले. फोडला. स्वयंपाकघराचं दार लोटून त्यामागे हात घातला आणि हात तिथेच थांबला.

आडाळ्याच्या पात्यापासून भिंतीपर्यंत जाळं होतं. लहानसं, विस्कटलेलं, धूळ धरलेलं. आणि मधोमध एक कोळी उलटा लटकत होता. अंगाने डाळीच्या दाण्याएवढा, पाय मात्र लांबच लांब. दार हललं तसा तो थरथरला आणि मग निवांत झाला.

आनंदराव अर्धा नारळ हातात घेऊन फरशीवर बसले. आधी त्यांना हसू आलं. खोताच्या वाडीपर्यंत जाऊन आणलेला पळाला, आणि हा कीटकमुक्त घरात स्वतः चालत आला. मग त्यांचं लक्ष धुळीकडे गेलं. एवढी धूळ बसायला किती दिवस लागले असतील? कोळी बसतो तो जिथे कुणाचा हात लागत नाही तिथे. घरभर त्याला दुसरी जागा सापडली नव्हती. ओट्यावर नाही, खिडकीत नाही, त्यांच्या खुर्चीमागेही नाही. सापडली ती रखमाच्या बसायच्या जागेवर. पाच महिने इथे कुणी नारळ खवला नाही, हे त्या एवढ्याशा जिवाला कळलं होतं. रखमा नाही, रखमा नाही, असं कुणीतरी घरात येऊन सांगितल्यासारखं त्यांना झालं, आणि त्यांना भडभडून आलं. या वेळी त्यांनी नाक शिंकरलं नाही.

रविवार नव्हता, तरी त्यांनी फोन लावला.

"काय झाला?" पलीकडून रखमाबाई घाबरल्या. "बरा नाय काय तुमका?"

"कोळी इलो."

पलीकडे कोंबडा आरवला. "खराच?"

"खराच. जाळा घातल्यान."

"खंय?"

 "तुझ्या आडाळ्यार."

 आनंदरावांनी फोन कानापासून दूर धरून बघितला, तो चालू होता.

"म्हणजे मी गेल्यापासून तुमी नारळ खवूकच नाय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मगे जेवतास काय?"

"डबो."

"पाच म्हयने? आणि माका दर आयतवारी सांगतास जेवलंय म्हणान?"

"जेवलंय तां खोटा नाय," टाइमकीपर म्हणाले. मग पंधराव्या मजल्यावरच्या फरशीवर बसून ते एक वाक्य बोलले, जे त्यांनी चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. "रखमा, माका हय तुझ्याशिवाय करमणा नाय."

पलीकडे पदराने तोंड पुसल्यासारखा आवाज आला. "मेल्या कोळ्याचा मी असाच म्हटलंय," रखमाबाई म्हणाल्या. "माका वाटला, तुमी म्हणशात, जाव नको. तुमी डायरी काढलास."

 आनंदरावांना सगळ्या गाड्या एकदम चुकल्यासारखं झालं.

"मोडू नकात त्याचा घर," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"मगे तू नारळ खंय खवतलंस?"

"मी हयसून दुसरो आडाळो घेऊन येतंय."

सोमवारी सकाळी त्या टॉवरच्या दारात रिक्षातून उतरल्या. काखेत पिशवी, हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, टोकदार. धनेश खालीच उभा होता. त्याने त्या गुंडाळीकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरला आणि विचारलं, "काकी, यात काय आहे?"

"येतंस खावक?" रखमाबाईंनी विचारलं. "दुपारी ये. घावणे करतंय."

वर आल्यावर त्यांनी चपला काढल्या, दारावरचा हिरवा स्टिकर वाचायला चष्मा लावला, वाचून "श्या!" केलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दारामागे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "बारीक हा," त्या म्हणाल्या. "पण बसलो बरो." मग त्याच्यापासून हातभर अंतर सोडून त्यांनी गावचा आडाळो मांडला, पाय दाबला आणि नारळ फिरवायला घेतला. फिरवता फिरवता मागे न बघता त्या बोलायला लागल्या. गाडीत जागा मिळाली नाही, बाजूच्या बाईने रात्रभर खिडकी उघडी ठेवली, आणि मयूरच्या बापाने पाच महिन्यांत काय तोंड करून घेतलंय बघ.

आनंदरावांनी पेपर उघडलाच नाही. त्यांनी खानावळीला फोन लावला आणि आजपासून डबा नको म्हणून सांगितलं.